बँकॉकचा थांबा

शहापूर,
१८ जानेवारी २०२५

चि. सोमास,
ताईचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानाचं यंत्र पेटीत ठेवून दिलंस हे वाचून राग आला. शिट्टी वाजते म्हणतोस, तर कल्याणला जाऊन दुरुस्त करून आण. खडीच्या खाणीनं तुझे कान नेले हे खरं, पण उरलंसुरलं तू स्वतः घालवतो आहेस. फोनवर तुझ्याशी बोलता येत नाही म्हणून ही पत्रं, आणि माझी बोटं आता पूर्वीसारखी चालत नाहीत.

मुद्द्याचं सांगते. माझ्या मनस्वीचं बाळंतपण मार्चमध्ये आहे. तिची सासू येऊ शकत नाही, म्हणून मी ओसाकाला जाते आहे. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात निघेन. विमान बँकॉकला बदलायचं आहे. सकाळी उतरायचं आणि पुढचं विमान रात्री. इतका वेळ विमानतळावरच्या खुर्चीत बसणं माझ्याच्यानं होणार नाही. सध्या आपल्या लोकांना व्हिसाशिवाय शहरात जाऊ देतात, तेव्हा आपल्या भंतेंना भेटून येईन. बघ, भंते लिहिताना अजून हात अडखळतो. माझ्या घरी राहून बारावी केलेला तुझा नरेंद्र. चीवर घेऊन बँकॉकच्या विहारात गेला त्याला तीन वर्षं झाली, तरी माझ्या डोळ्यांपुढे तो डबा विसरून शाळेत निघालेलाच येतो.

बुद्धपौर्णिमेला वाडीच्या नव्या विहाराचं उद्घाटन त्याच्या हातून व्हायचं असं तू ठरवून टाकलंस. त्याला विचारलंस का? महिन्या-दोन महिन्यांनी शेजारच्या सुनिलच्या फोनवर तो दोन मिनिटं बोलतो, त्याची आई धोंडीबाई रडते, फोन संपतो. त्यात होकार कुठे आला? मी समोर बसून विचारते. हो तर हो, नाही तर नाही.

काही पाठवायचं असेल तर हलकं पाठव. सुकट नको, लोणचं नको. भंते दुपारनंतर जेवत नाहीत आणि विमानतळवाले वास माफ करत नाहीत.

माया आहे तितकी पुरे आहे. उत्तर लवकर टाकलंस तर वाढवूही.

तुझी ताई,
शालन


खैरवाडी, म्हशाजवळ,
२७ जानेवारी २०२५

ती. शालनताईस,
सोमाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुजं पत्र मिळालं. तुजी वहिनी तवापासून जमिनीवर नाय. मी पत्र तिला वाचून दाखवलं तर म्हणते परत वाचा. तीनदा वाचलं.

म्हशाच्या जत्रेत एक घोंगडी घेतली होती भंतेंसाठी. सुनिल म्हणतो बँकॉकात थंडी नसते, आत्या घोंगडी घेऊन फिरेल काय. म्हणून ती ठेवली. वहिनीनं तांदळाच्या भाकरीचं पीठ बांधलंय, अगदी थोडं. तुला नेववलं तर ने, नाय तर रागवू नको.

एक सांगायचं होतं, ताई. तू शिकलेली आहेस पण तरी सांगतो. पाया नीट पड. गुडघे टेकून, पंचांग. आत्या म्हणून पाठीवर हात टाकू नको, गालाला हात लावू नको. आता ते आपलं पोर राह्यलं नाय, संघाचं झालं. भिक्खू व्हायला आईबापाची परवानगी लागते, ती मी माझ्या हातानं सही करून दिली. आन मुरबाडच्या एस.टी. स्टँडवर सगळ्यांदेखत मी त्याच्या पायावर डोकं टेकवलं. त्या दिवशी मला वाटलं खाणीत फुटलो ते फुकट गेलं नाय.

त्याला एवढंच सांग की संगमरवरी पाटीवर नाव कोरून झालंय. उद्घाटक म्हणून. आसनाला पिवळं कापड आणलंय. वाडी वाट बघते.

तब्बेत सांभाळ. आमच्यावर जीव आहे तो असू दे.

तुजा भाऊ,
सोमा


ओसाका,
१६ फेब्रुवारी २०२५

चि. सोमास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी सुखरूप पोचले. मनस्वी बरी आहे. इथं थंडी इतकी आहे की तुझी घोंगडी आणायला हवी होती.

बँकॉकचं सांगते. सकाळी शिक्का मारून बाहेर सोडलं. वरून जाणाऱ्या गाडीनं शहरात गेले. काचेचे मनोरे, त्यांच्या पायाशी कालवे, कालव्यांच्या काठी पत्र्याची घरं. चौकाचौकात बुद्धाची मूर्ती, झेंडूच्या माळा, उदबत्त्या. तुला वाटतं तिथं सगळे आपलेच. मलाही उतरताना तसंच वाटलं. पण शहरभर बुद्ध आणि मला रस्ता विचारायला एक माणूस नाही. कोणी उद्धट नव्हतं. हसायचे, वाकायचे आणि निघून जायचे.

नरेंद्रनं कळवलेल्या विहारात मी वेळेआधी पोचले. पांढऱ्या कपड्यातल्या बायका वंदनेला बसल्या होत्या. एका म्हातारीनं सरकून मला जागा दिली. वंदना सुरू झाली आणि, सोमा, ती आपलीच वंदना होती. तेच सरण, तेच पंचशील. उच्चार मात्र वेगळे, गच्छामिचं खच्चामि. मास्तरणीच्या जिभेला दुरुस्त करायची खाज आली, पण मी निमूट म्हणत राहिले. म्हातारीनं माझा आवाज ऐकला आणि माझा हात दाबला. नंतर मी तिच्याशी इंग्रजीत बोलून पाहिलं. आम्हा दोघींत पंचशील सोडून एकही शब्द नव्हता.

इथून पुढचं मनात वाच. धोंडीबाईला काय आणि कसं सांगायचं ते तू मागाहून ठरव.

तो आला. अंगावर चीवर, मुंडन केलेलं, फार वाळलेला. तू सांगितलंस तसं मी पंचांग घालायला खाली बसू लागले. उजवा गुडघा अर्ध्यातच अडला. त्यानं धावत येऊन माझा दंड धरला, मला उभं केलं आणि खाली वाकून माझ्या दोन्ही पायांना हात लावून तो कपाळाला लावला. माझ्याकडे होता तेव्हा रोज शाळेत जाताना लावायचा, तसाच.

भिक्खू गृहस्थाच्या पाया पडत नाही. बाईला हात तर लावतच नाही. तिथल्या लोकांत तर हे आपल्याहून कडक आहे. माझ्या शेजारची म्हातारी पिशवी उचलून निघून गेली. बाकीच्यांनी माना फिरवल्या. तो वाकलेला असतानाच मला कळलं. उभा राहिला तेव्हा त्यालाही कळलं की मला कळलंय.

मी त्याला आधी बाहेर नेलं आणि ते कपडे उतरवायला लावले. भिक्खू नसताना चीवर घातलं म्हणून पोलिसांनी धरलं असतं तर वेगळंच झालं असतं. काळी पँट आणि पांढरा सदरा घालून आला. मग मी त्याला जेवायला घातलं. दुपार केव्हाच कलली होती. तो भात खात होता आणि मी बघत होते.

चीवर सोडून त्याला दीड वर्ष झालं. एका शिंप्याच्या दुकानासमोर उभा राहून परदेशी गिऱ्हाइकांना आत बोलावतो, सूट शिवून देतो म्हणून. चोरी केली नाही, कुणाच्या नादी लागला नाही. मी खोदून खोदून विचारलं. म्हणाला, सकाळी भिक्षेला निघालो की म्हाताऱ्या बायका पात्रात भात घालून रस्त्यावर डोकं टेकवायच्या. मन कुठं लागत नव्हतं, ध्यानात झोप यायची आणि लोक पाया पडायचे. ते सोसेना, म्हणून गुरूंना सांगून रीतसर सोडलं. घरी मात्र सांगता आलं नाही. मला भेटण्यापुरतं जुनं चीवर त्यानं ट्रंकेतून काढलं होतं.

घरी चल म्हटलं. तेव्हा तो म्हणाला, “आत्या, ज्या पायांवर बाबांनी डोकं ठेवलं, ते पाय घेऊन मी उंबरा कसा ओलांडू?”

भंते ध्यानशिबिरात आहेत, येऊ शकत नाहीत, असं मी तुला सांगावं अशी त्याची विनवणी होती. मी होकार दिला नाही. मला खोटं लिहिता येत नाही आणि तू ते ओळखलं असतंस. म्हणून हे जसं घडलं तसं लिहिलं.

त्याला शिव्या द्यायच्या असतील तर मला लिहून दे. पण स्वतःला त्रास करून घेऊ नको.

ताई


खैरवाडी,
१४ मार्च २०२५

ती. ताईस,
सोमाचा जयभीम.

मनस्वीला मुलगी झाली ते सुनिलनं सांगितलं. सुखी राहो.

तुजं पत्र मी ओट्यावर बसून वाचलं. वहिनी समोर तांदूळ पाखडत होती. मनात वाच असं तू लिहिलंस तवा मी मनातच वाचायला लागलो. मला वाटलं मनातच वाचतोय. मला माझा आवाज कुठं ऐकू येतो, ताई. वर बघितलं तर वहिनीच्या हातातलं सूप खाली पडलेलं, आन शेजारच्या दोन्ही ओट्यांवरची माणसं उठून उभी. सगळं ऐकलं त्यांनी. मनात वाच म्हणालीस तेपण त्यांनी ऐकलं.

कोणी काय बोललं नाय. मी बघून घेतलं सगळ्यांच्या तोंडांकडं. कोणी बोललं असतं तर बरं झालं असतं. आता मी नळावर गेलो की माणसं बाजू देतात, मी मयताच्या घरातनं आलोय तशी.

त्याला सांग, येऊ नको. शिंप्याच्या दारात उभा राह्यचं होतं तर मुरबाडात काय शिंपी नव्हते? मी त्याचा चीवरातला फोटो भिंतीवरनं काढून ठेवलाय. वहिनीनं परत लावला. मी परत काढला. ती माझ्याशी बोलत नाय, म्हणजे हातानंपण नाय. जेवण पुढ्यात ठेवते आन आत जाते. स्वतः जेवते का ते बघायला गेलो तर ताट उपडं घालते.

सोडायचं तर सोडायचं होतं. रीतसर सोडलं तर त्यात पाप नाय, ते मलापण ठावं आहे. दीड-दीड वर्ष बापाला फसवायचं नाय. मी रोज उठून त्या दिशेला हात जोडत होतो गो.

थंडीतापाला तिथं कोण बघतं त्याचं? ते तू लिहिलं नाय.

सोमा


शहापूर,
२६ एप्रिल २०२५

चि. सोमास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल परत आले. नात गोरीगोमटी आहे, रडते मात्र तुझ्यासारखी मोठ्यानं.

येताना पुन्हा बँकॉकला दुपार ते संध्याकाळ थांबा होता. या वेळी मी विहारात गेले नाही, सरळ त्याच्या दुकानावर गेले. भर उन्हात उभा होता. येणाऱ्याजाणाऱ्याला वाकून नमस्ते म्हणत होता आणि माणसं तो तिथं नसल्यासारखी पुढे जात होती. एका गोऱ्यानं त्याच्या तोंडासमोर हात झाडला, माशी हाकलावी तसा. तो हसला आणि पुढच्याकडे वळला. मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून हे पाहिलं आणि मगच त्याच्यासमोर गेले, कारण लगेच गेले असते तर मी त्याला काहीतरी बोलले असते.

मालकानं थोडा वेळ सोडलं. कालव्याच्या कट्ट्यावर बसलो. तुझं पत्र मी वाचून दाखवलं नाही, त्याच्या हातात दिलं. येऊ नको म्हटलंस ते वाचून तो पुढे सरकला. ताट उपडं घालते, तिथं थांबला. थंडीतापाला कोण बघतं, ती ओळ त्यानं बोटानं दाबून धरली. कोणी बघत नाही, सोमा. सहा जणांत एक खोली आहे. मागे तापानं पडला तेव्हा तो उठला नाही म्हणून मालकानं दुसरा माणूस उभा केला.

व्हिसा संपल्यामुळे कागदांची अडचण आहे, पण मी चौकशी केली. विमानतळावर दंड भरला की जाऊ देतात. ते मी बघेन. अडलंय ते तिथं नाही, तुझ्या वाडीत अडलंय. त्याचं म्हणणं असं. वाडीला कळलंय, पण कोणी तोंडानं म्हटलेलं नाही. पाटीवर नाव आहे, आसन घातलेलं आहे. तो आला तर कोणी त्याला बस म्हणायचं, कुठे बस म्हणायचं? कोणी चुकून पाया पडलं तर त्यानं काय करायचं? म्हणून त्याची एकच अट आहे. उद्घाटनाच्या दिवशी सगळ्यांसमोर, माइकवर सांगितलं जावं की नरेंद्रनं चीवर सोडलंय, तो आता भंते नाही, तो सोमाचा मुलगा आहे आणि घरी येतो आहे. ते झालं की तो तिकीट काढणार. “एकदा मोठ्यानं म्हणू देत, आत्या. मग मी कुठल्याही तोंडानं येईन.”

त्याचं वय बत्तीस. त्या कट्ट्यावर तो मला पन्नाशीचा वाटला. तुझा अभिमान मी समजू शकते. पण तो आता खाली ठेव. ही आज्ञा समज.

उत्तर ताबडतोब हवं. प्रेम वगैरे त्यानंतर.

ताई


खैरवाडी,
२ मे २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुजं पत्र या वेळी मी नाल्यापलीकडं जाऊन वाचलं. तिथं गुरं होती फक्त.

वाचून आलो आन वहिनीला खुणेनं सांगितलं की येतोय. तिनं माझ्याकडं बघितलं. मग तिनं परत लावलेला फोटो तिनंच भिंतीवरनं काढला, कपड्यात बांधून पेटीत ठेवला. आता तो चीवरातला फोटो नको म्हणते. आज माझ्याबरोबर जेवली.

मी लय विचार केला. डोकं मी चीवराला टेकवलं होतं, त्याला नाय. त्याला मी हागलेला धुतलाय, खांद्यावर घेऊन म्हशाची जत्रा दाखवलीय. त्याच्या पायाची लाज मला कशाला? हे त्याला फोनवर सांगायचं होतं पण तो काय म्हणतो ते मला ऐकू येणार नाय, म्हणून नाय केला.

विहार कमिटीच्या जयरामदादाकडं गेलो. मी बोललो तर आवाज चढतो, कमी-जास्त होतं, म्हणून सगळं कागदावर लिहून नेलं. तू लिहिलंस तेच शब्द. म्हटलं, मला माइकवर जमणार नाय, दादा, तू सांग. त्यानं वाचलं. कमिटीतल्या चौघांनी वाचलं. जयरामदादाच्या डोळ्यात पाणी आलं. मान हलवली, माझ्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या एका भंतेंना मुरबाडहून बोलावायचं ठरलंय. पाटी नंतर बदलू म्हणाले.

तू ये उद्घाटनाला. वहिनीजवळ बस. जे बोलतील ते ऐक आन मला सांग कसं बोलले.

लोभ तर तुजाच आहे आमच्यावर, आमी कोणता वाढवणार.

तुजा भाऊ,
सोमा


शहापूर,
१९ मे २०२५

चि. सोमास,
अनेक आशीर्वाद.

नाल्यापलीकडे जाऊन वाच.

उद्घाटनाला काय बोलले ते तू मला त्याच दिवशी विचारलंस आणि मी छान बोलले असं खुणेनं सांगून एस.टी. पकडली. परवाच्या पत्रात तू पुन्हा विचारलंस, आणि त्यानं तिकीट काढलं का तेही. आता लिहिते.

जयरामनं तुझा कागद खिशातून काढला होता. उघडला नाही. तो म्हणाला की आपल्या वाडीचे सुपुत्र पूज्य भंते परदेशात कठोर साधनेत आहेत, म्हणून येऊ शकले नाहीत, त्यांनी वाडीला आशीर्वाद पाठवले आहेत. काही लोक त्यांच्याबद्दल भलतंसलतं बोलतात, त्यांनी लाज धरावी. असा मुलगा संघाला देणाऱ्या सोमादादासाठी उभं राहून टाळ्या वाजवा. सगळा मंडप उभा राहिला. तू हात जोडून उभा होतास आणि चारी बाजूंना वळून नमस्कार करत होतास. तुला वाटलं, नरेंद्र घरी येतोय म्हणून टाळ्या आहेत.

धोंडीबाईनं माझं मनगट धरलं होतं. मी बोलायला उठले. जन्मभर वर्गात आणि सभेत मी कधी गप्प बसले नाही. पण मग तुझं तोंड दिसलं. तू हसत होतास. आपला बाप गेल्यापासून तुला तसं हसताना मी पाहिलेलं नव्हतं. मी खाली बसले.

नंतर जयरामला बाजूला घेऊन विचारलं. त्यानं माझ्यापुढे हात जोडले. म्हणाला, ताई, तालुक्याचे पाहुणे होते. सोमादादाची मान खाली जाऊ नये म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. पोरगं येईल तेव्हा येईल, आम्ही त्याला काही कमी पडू देणार नाही. तो मनापासून बोलत होता. कुणावर चिडावं असा एक माणूस मला तिथं सापडला नाही.

ते भाषण कुणीतरी फोनमध्ये घेतलं आणि संध्याकाळीच नरेंद्रला पाठवलं. भंतेजी बघा, वाडी तुम्हाला विसरली नाही, असं खाली लिहून. त्याचा मला निरोप आला: “आत्या, बाबा किती खूश दिसतायत. आता हे मोडू नका.” मी लगेच फोन लावला. मग रोज लावला. तो नंबर आता बंद आहे. दुकानाच्या मालकाला विचारलं, तर तो काम सोडून गेलाय. कुठे गेला ते त्याला माहीत नाही, आणि दुसरा माणूस उभा केलाय.

धोंडीबाईला हे सगळं माहीत आहे. सुनिलच्या फोनवरून ती रोज माझ्याकडे चौकशी करते. तुला सांगत नाही, कारण तू नरेंद्रची खाट अंगणात काढून नवी नवार विणायला घेतली आहेस. ते थांबवायचं आपलं धाडस होत नाही, असं ती म्हणाली. म्हणून हे पत्र मी लिहिते आहे. खाट विणून झाली असेल तर तिच्यावर तू झोप. तुझी पाठ दुखते.

मी पुन्हा बँकॉकला जाईन, विचारशील तर. पण त्या एवढ्या शहरात कुठे उतरून कुणाला विचारायचं, ते मला माहीत नाही.

धोंडीबाईशी बोल. यंत्र दुरुस्त कर. तिला काहीतरी म्हणायचं असेल.

तुझी,
शालनताई